डाव्या हाताचा ड्रमसेट

मेलवीथी, तंजावूर
रविवार, ३० नोव्हेंबर २०२५

सौ. विशालाक्षीस अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. तुझ्या वहिनीच्या, भुवनाच्या, गुडघ्याला आराम आहे. पाऊस अधूनमधून येतो, कालवे भरून वाहताहेत. तुम्हा सर्वांची खुशाली कळवावी.

ड्रमसेट गुरुवारी दुपारी आला. तिरुचिच्या दुकानाच्या गाडीने, पाच खोक्यांत. ही बातमी मला ड्रम शिकवणाऱ्या सुब्रमण्यमने दिली आणि त्याची चूक व्हायचं कारण नाही, कारण खोकी जिन्यावरून वर चढवली ती त्यानेच. सेट पुण्याला तुझ्याकडे गेलेला नाही. मेडिकल कॉलेज रोडवर त्याच्या माडीवरच्या खोलीत मांडला आहे. वाजवणारी मुलगी तुझ्या सोसायटीतली नाही. माझ्या घरातली आहे.

तुझं जुलैचं पत्र समोर ठेवून लिहितो आहे. तू लिहिलं होतंस: ‘अण्णा, आमच्या सोसायटीतल्या एका मुलीला ड्रम शिकायचे आहेत. चोवीस वर्षांची आहे, पहिली नोकरी लागली आहे. उंची पाच फूट दोन. घरचे लोक जुन्या वळणाचे, त्यांना विचारायची सोय नाही. तू तालवाद्यातला माणूस. पहिला सेट कोणता घ्यावा, काय बघावं, सविस्तर लिही.’ खाली नऊ प्रश्न, ओळीने.

नाना गेल्यापासून आपण दोघं भावंडं महिन्याला एक पत्र देवनागरीत लिहितो. घरात बोलतो ती मराठी अर्धी तमिळ झालेली. निदान कागदावर लिपी राहावी म्हणून नानांनी लावलेली ही सवय. फोनवर आपण इकडचं तिकडचं बोलतो, पत्रात खरं लिहितो, असा माझा समज होता. खोटं लिहायला तू नेमकं पत्रच निवडलंस.

आणि मी काय केलं, ते तुला ठाऊक आहे, तरी लिहितो. पन्नास वर्षं मृदंग वाजवला, पण ड्रमसेटातलं मला काय कळणार? म्हणून सुब्रमण्यमला शोधून काढलं. लग्नाच्या वाद्यवृंदात वाजवतो, मुलांना शिकवतोही. पहिल्या दिवशी त्याच्या स्टुलावर बसलो तर वेष्टीचा काठ पायाच्या पेडलमध्ये अडकला. तो म्हणाला, “सार, या वाद्याला पँट लागते.” दुसऱ्या वेळी पँट घालून गेलो. निवृत्तीनंतर वीज मंडळाची पँट कपाटातून पहिल्यांदा बाहेर निघाली. भुवना दारात उभी राहून हसली. का हसली ते मला काल कळलं.

दोनदा तिरुचिला गेलो. बसने, उभ्याने. दुकानदार चकचकीत लाल सेट पुढे करी आणि मी त्याला नखाने टिचकी मारून म्हणे, हे ड्रम बरे आहेत, पण या झांजा ताटासारख्या वाजतात. मग तुला पाच पानं लिहिली. सेट घ्यायच्या आधी नुसता रबरी पॅड आणि काठ्यांची जोडी घेऊन तीन महिने हात बसवावा. तेवढं टिकली तर सेट घ्यावा. रंग बघू नये, स्टूल बघावं. स्टूल हललं की पाठ जाते आणि पाठ गेली की लय जाते. पेडल पायाने दाबून बघावं, हाताने नव्हे. पाच ड्रमचा साधा सेट पुरे, वाचलेला पैसा झांजांत घालावा. शेजार जवळचा असेल तर कानाला लावून वाजवायचा विजेवरचा सेट. पण शक्य असेल तर खऱ्या कातड्याचा, निदान खऱ्या ताणलेल्या पडद्याचा घ्यावा, कारण हलका हात आणि जड हात यांतला फरक नवशिक्याला वाद्यानेच शिकवायला हवा.

तुझा सातवा प्रश्न होता, ‘मुलगी डावखुरी असेल तर?’ त्याचंही उत्तर दिलं. ते इथे पुन्हा लिहीत नाही. तुझ्याकडे आहे.

काल सकाळी नेहमीच्या ठिकाणी कॉफी घेत होतो. सुब्रमण्यम स्कूटर लावून आला आणि म्हणाला, “सार, तुम्ही सांगितलेलंच स्टूल घेतलं. अखिलाला उंची बरोबर बसते.”

मी कप खाली ठेवला नाही. नीट संपवला. त्याला वाटत होतं की मला सगळं ठाऊक आहे. बाप मुलीसाठी दुकानं पालथी घालतो आणि लाजेपोटी पुण्याचं नाव सांगतो, अशी त्याची समजूत. त्याचा दोष नाही. अखिला ऑगस्टपासून त्याच्याकडे शिकते आहे. नोकरीवरून घरी यायला उशीर होतो म्हणायची. मी तिच्या प्रयोगशाळेला शिव्या घालायचो की पोरीला इतकं राबवतात.

घरी येऊन भुवनाला विचारलं. ती मोरी धूत होती. वर न बघता म्हणाली, “तुम्ही विचारलं असतं तर सांगितलं असतं.” म्हणजे तिला माहीत. तुला माहीत. सुब्रमण्यमला माहीत, त्याच्या खालच्या मजल्यावरच्या शिंप्याला माहीत. मला माहीत नाही.

पंधरा वर्षं शिकवलं तिला. नवव्या वर्षी मांडीवर मृदंग घेतला तेव्हा तो तिच्यापेक्षा रुंद होता. वर्षभर उजव्या हाताने वाजव म्हणून मागे लागलो. एक दिवस मी आत असताना तिने मृदंग फिरवून घेतला आणि डाव्या हाताने वाजवलं. स्वयंपाकघरापर्यंत जो नाद आला, तो ऐकून मी बाहेर आलो आणि तिला थांबवलं नाही. तिथून पुढे ती डाव्या हातानेच शिकली. संध्याकाळी वाजवायला बसण्याआधी, नाद खोल यावा म्हणून मृदंगाच्या मोठ्या तोंडाला लावायचा रवा तीच भिजवायची. माझ्याही मृदंगाचा. तो किती सैल असावा हे मला तिला कधी सांगावं लागलं नाही.

तू म्हणशील, जूनमधल्या कार्यक्रमाचं मनाला लागलं असेल. तिरुवैयारूला एका संगीतसभेत ती पहिल्यांदा वाजवायला बसणार होती, तो कार्यक्रम झाला नाही. म्हणजे तिचा झाला नाही. डावखुऱ्या मृदंगवाल्याची अडचण तुला लहानपणापासून माहीत आहे. गायकाच्या उजव्या हाताला मृदंग, डाव्या हाताला व्हायोलिन. मृदंगाचं नादाचं तोंड लोकांकडे राहावं म्हणून ही बैठक. डावखुरा वाजवणार असेल तर त्याने दुसऱ्या बाजूला जायचं आणि व्हायोलिनवाल्याने आपली जागा सोडायची. व्हायोलिनवाले सूर्यनारायण चाळीस वर्षं एका जागी बसलेले. ते तयार नव्हते. मग माझा दुसरा शिष्य प्रणवेश बसला. अशा गोष्टी या क्षेत्रात होतात. अखिला तेव्हा काही बोलली नाही. रवा भिजवत राहिली, मी समजलो की तिला समजलं.

तिने माझ्यापासून लपवलं, हे मी एक वेळ गिळीन. ती लहान आहे. पण तू? कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात. इथे दांडा माझाच आणि गोतही माझंच, आणि तो तासून घ्यायला तू मला गोड बोलून बसवलंस. मुलीला माझ्या हातून काढून न्यायचं होतं तर सरळ न्यायचं. त्याचं सामानही मीच निवडून द्यावं, ही कल्पना कुणाची?

अखिलाशी अजून बोललो नाही. आज संध्याकाळी तिने वाटीत रवा भिजवून ठेवला आहे. मी हात लावलेला नाही.

उत्तर पाठवायचं तर खरं पाठव.

वेंकटराव

—

मेलवीथी, तंजावूर
रविवार, १४ डिसेंबर २०२५

प्रिय विशालाक्षी,

आशीर्वाद. तुझं पत्र बुधवारी आलं. सविस्तर उत्तर दोन दिवस लिहायला घेत होतो. मग ठरवलं की आधी जाऊन यावं, मग लिहावं.

तू लिहितेस की कल्पना अखिलाचीच. जूनमध्ये तिने तुला फोन केला, मृदंग सोडते म्हणाली. सेट घ्यायचा म्हणाली. तू म्हणालीस, पुण्यात माहितीची माणसं आहेत, त्यांना विचारते. त्यावर ती म्हणाली, नको, अप्पांना विचार, पण माझं नाव सांगू नकोस. हे वाक्य मी तीनदा वाचलं. चौथ्यांदा वाचवलं नाही.

त्यानंतर तू विचारलंस, ‘अण्णा, सूर्यनारायण खरंच नाही म्हणाले होते का?’

विशालाक्षी, तुला हे कुणी सांगितलं, ते मी विचारणार नाही. माझ्या मागच्या पत्रात ते तयार नव्हते असं आहे. ते तसं नव्हतं. मे महिन्यात त्यांच्या घरी ठरवायला गेलो होतो. ते व्हायोलिनच्या तारा बदलत होते. मान वर न करता म्हणाले, “मुलगी कुठल्या बाजूला बसणार?” एवढंच. त्यात कुरकुर असेल, नसेल. मी त्यांना पुढे बोलूच दिलं नाही. म्हणालो, तुम्हाला त्रास नको, प्रणवेश वाजवेल. त्यांनी मान हलवली आणि कॉफी मागवली. एवढ्या मोठ्या माणसाने माझ्यासाठी जागा सोडावी, असं म्हणायची माझी छाती झाली नाही. कदाचित ते हसून सरकले असते. मला आता कधीच कळणार नाही.

घरी येऊन मी अखिलाला सांगितलं की सभेने नव्या वादकांचा तास रद्द केला.

आता राहिलेलंही लिहितो. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी प्रणवेश आला. रीतीप्रमाणे, पहिल्या मोठ्या कार्यक्रमाआधी गुरूला नमस्कार करायला, ताटात विडा, केळी, नारळ, वेष्टी घेऊन. त्याला बिचाऱ्याला काही माहीत नव्हतं. त्याला वाटलं, अखिलाने स्वतःहून नको म्हटलं असेल. दार अखिलाने उघडलं. मी आतल्या खोलीत होतो. सगळं ऐकू येत होतं. तो म्हणाला, “अक्का, उद्या तू येशील ना ऐकायला?” मग ती म्हणाली, “बस. कॉफी आणते.” मी आतून बाहेर आलो तो कॉफीचा वास आल्यावर. तिने ताट माझ्या हातात दिलं आणि आत गेली. मी त्याला आशीर्वाद दिला.

त्या संध्याकाळीही तिने रवा भिजवला. सहा महिने रोज भिजवला. मी त्याला समजूतदारपणा म्हणत होतो.

परवा शुक्रवारी सुब्रमण्यमच्या माडीवर गेलो. जिन्यातच आवाज येत होता. साधा चारचा ठेका, पण घाई नाही, ओढ नाही. मी पायरीवर उभा राहिलो. पाच महिन्यांचा हात असा नसतो. तो पंधरा वर्षांचा होता, फक्त काठी नवी होती. मग आत गेलो. सुब्रमण्यम उठून सिगारेटच्या निमित्ताने खाली गेला. तो सिगारेट ओढत नाही.

सेट उलटा मांडला होता. जोडझांजा उजवीकडे, मोठा टॉम ड्रम डावीकडे, पेडल डाव्या पायाखाली. मी लिहिलं होतं तसाच, बोटभरही फरक नाही. तिने काठ्या मांडीवर ठेवल्या. मला वाटलं रडेल. ती रडली नाही. बसा म्हणाली नाही.

मी म्हणालो, मला सांगायचं होतंस.

तिने फोन काढला. तू माझ्या पत्राचा फोटो तिला पाठवला होतास. तुला ठाऊकच आहे, तिला देवनागरी येत नव्हती. मी ताल लिहायला शिकवलं, अक्षरं शिकवायची राहून गेली. तुझ्याकडून फोनवर शिकली म्हणे, माझी पाच पानं पुढ्यात ठेवून. अडखळत, एकेक अक्षर बोटाने धरत वाचायला लागली: “मुलगी… डावखुरी असेल… तर सेट उलटा मांडा. दुकानदार म्हणेल… सवय होईल, उजव्यानेच… शिकू दे. ऐकू नका. हात… तिचा आहे. हलायचं… ते सामानाने.”

फोन खाली ठेवला आणि तमिळमध्ये म्हणाली, “हे तुम्ही कुणासाठी लिहिलंत, अप्पा? पुण्याच्या मुलीसाठी?”

तो सातवा प्रश्न वाचला तेव्हा मला अखिलाच आठवली होती, विशालाक्षी. क्षणभर आठवली, आणि तिला बाजूला ठेवून मी उत्तर लिहिलं. अनोळखी मुलीला ते लिहिताना बरं वाटत होतं. सेट शोधण्यातले ते दोन महिने फार आनंदात गेले माझे, हेही लिहून टाकतो. कुणाला सांभाळायचं नव्हतं, कुणाच्या घरी जाऊन हात जोडायचे नव्हते. नुसतं खरं सांगायचं होतं.

ती पुढे एकच गोष्ट बोलली. “मला वाजवता येत नसतं आणि तुम्ही दुसऱ्याला बसवलं असतं, तर मी दुसऱ्या दिवशी पुन्हा शिकायला बसले असते. मला येत होतं, म्हणून तुम्हाला खोटं सांगावं लागलं.”

मग तिने काठ्या उचलल्या आणि जणू मी तिथे नाही अशी वाजवायला लागली.

मी गेलो नाही. जमिनीवर बसलो, सवयीने. आणि बसल्या जागेवरून मला दिसलं की प्रत्येक ठोक्याला मधला मोठा ड्रम पुढे सरकतो आहे. खोलीत मोझॅकची फरशी, गुळगुळीत. दर चार-पाच आवर्तनांनी ती थांबायची, पायाने ड्रम मागे ओढायची, पुन्हा सुरू. पाच पानं लिहिली मी, झांजेच्या जाडीपर्यंत सगळं लिहिलं, पण सेटाखाली जाड सतरंजी लागते हे लिहायचं राहिलं. मृदंगवाल्याचीच चूक. आम्ही स्वतः जमखान्यावर बसतो, वाद्य मांडीवर असतं; ते जागा सोडून जाईल हे आमच्या डोक्यातच येत नाही.

तिला म्हणालो, खाली जमखाना घालायला हवा. तिने ऐकलं. ड्रम मागे ओढला.

त्या दिवसापासून तिने रवा भिजवणं बंद केलं आहे. कालपासून मीच भिजवतो. सैल होतो. रवा निसटून खाली पडतो आणि शिकायला आलेली मुलं एकमेकांकडे बघतात.

आता तुझ्याविषयी. तुला क्षमा केली असं या पत्रात लिहीन असं वाटलं होतं. लिहीत नाही, कारण नानांच्या नियमाप्रमाणे पत्रात खरंच लिहायचं आहे आणि ते अजून खरं नाही. तू मला फसवलंस. पाच महिने माझ्या पत्रांना उत्तरं देताना एकदाही तुझा हात अडखळला नाही, हे मला रोज बोचतं. पण मी तिला फसवलं ते तोंडाने, समोरासमोर, तिच्याच हातची कॉफी पीत. तुझ्यावर ओरडायला लागलो की मध्येच आवाज बसतो.

पुढचं कळवतो. बुधवारी सकाळी कार्यक्रमाचा जमखाना घेऊन मेडिकल कॉलेज रोडला जाणार आहे. नानांचा, निळ्या पट्ट्यांचा, ज्यावर तिरुवैयारूला ती बसणार होती. तो गुंडाळून दोरीने बांधून ठेवला आहे; बसमध्ये मावणार नाही, ऑटोने नेईन. भुवनाने विचारलं, तुमच्या कार्यक्रमाला मग काय घालणार? येत्या रविवारी, २१ तारखेला, तिरुवैयारूला सूर्यनारायण आणि मी एकाच मंचावर आहोत. मी म्हणालो, चटईवर बसेन. प्रणवेश तंबुऱ्याच्या मागे बसायला येणार आहे. त्याला आणि सूर्यनारायणांना वाजवायच्या आधी सांगणार आहे की मे महिन्यात कुणी नाही म्हटलं नव्हतं, मी म्हटलं होतं.

सुब्रमण्यम म्हणतो, बुधवारी दहाला दार उघडं असेल. अखिलाची त्या दिवशी दुपारची पाळी आहे, म्हणजे ती तिथे असेल. मी येणार हे तिला माहीत आहे. काल तिच्या आईजवळ तिने एवढंच विचारलं, जमखाना किती लांबीचा आहे. मोजून ठेवला आहे. सहा फूट बाय साडेचार. तिने मला विचारलं तर सांगेन. नाही विचारलं तर दारात ठेवून येईन.

अण्णा